पायाला ठाऊक असलेलं घर

रोहण्याच्या सुंदराबाईची नजर एकाएकी गेली नाही. ती कडेकडेनं गेली. आधी बाजूनं येणारी बैलगाडी दिसेनाशी झाली, मग पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, ओळीत शेजारी वाकलेली बाई, मग ताटाच्या कडेला वाढलेली भाजी. समोरचं तेवढं नीट दिसायचं, म्हणून आपल्या डोळ्यांना काही होतंय हे तिच्या ध्यानातच आलं नाही. कापूस वेचताना तिच्या ओळीत फुटलेली बोंडं मागे राहून जायची. बायका थट्टा करायच्या, "सुंदराचं ध्यान आजकाल कुठी राह्यते काय मालूम." तीही हसायची आणि मागे वळून राहिलेली बोंडं वेचायची.

तिचं माहेर कारंज्याकडचं, जंगलाला लागून असलेल्या गोंडांच्या वस्तीतलं. नवरा टिकाराम रोहण्यातल्या एका शेतकऱ्याकडे सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतावर राबणारा. बोलायला कमी, हाताला वाकबगार. दुर्गेश हा एकुलता एक मुलगा. तो बारावी झाला, वर्ध्याला गेला आणि तिथं एका खाजगी दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून लागला. लग्न झाल्यावर रीनाही त्याच्यासोबत तिकडेच भाड्याच्या खोलीत राहू लागली. गावात ही दोघं उरली, एक बकरी आणि कवेलूंचं, म्हणजे कौलांचं, मातीचं घर.

डोळ्यांचं निदान झालं तेव्हा उशीर झाला होता. वर्ध्याच्या मोठ्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेलं परत येत नाही, राहिलेलं टिकवायचं, असं म्हणून त्यांनी थेंब लिहून दिले. सुंदरानं थेंब घालण्यात कधी खंड पडू दिला नाही. तरी राहिलेलंही गेलं. शेवटी खिडकीच्या जागी थोडा उजेड जाणवायचा, आणि एका उन्हाळ्यात तोही थांबला.

त्यानंतरचं वर्ष वाईट गेलं. ती उंबरठ्याला अडखळून पडली. अर्धवट उघड्या दाराच्या फळीवर तिचं कपाळ फुटलं. सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, संडासाकडे जाताना ती वाट चुकून काट्याच्या कुंपणात शिरली आणि टिकाराम शेतावरून येईपर्यंत तशीच उभी राहिली, कारण हलली की काटे आणखी रुतायचे. मग एकदा चुलीशी पदर पेटला. टिकाराम घरीच होता म्हणून निभावलं. त्या दिवसापासून त्यानं तिला चुलीपाशी जाऊ दिलं नाही. भाकरी तो करू लागला, जाड आणि कडेला कच्च्या. सुंदरा बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. शेजारची मोहिनी बोलायला यायची, तिच्याशीही बोलायची नाही.

टिकारामनं हे किती दिवस पाहिलं कोण जाणे. एका सकाळी तो शेतावर गेला नाही. बाजेजवळ येऊन म्हणाला, "अवं, ऊठ. चाल माह्यासंगं. कुठी कुठी अडते तुले ते सांग."

"सांगून काय होते?" सुंदरा म्हणाली.

"तू सांग तं खरी. मले दिसते सगळं, म्हणून मले समजत नाई न."

मग ती दोघं घरभर हिंडली. ती हातानं चाचपत पुढे, तो मागे. ती म्हणाली, ह्या दाराची एक फळी कधी उघडी असते, कधी लोटलेली, ते मला मारतं. त्यानं फळीला दोरी बांधून ती भिंतीच्या खिळ्याला कायमची अडकवून टाकली. ती म्हणाली, चूल कुठं सुरू होते ते विस्तव अंगाला लागल्यावर कळतं. त्यानं चुलीच्या अलीकडे विटांची एक बुटकी ओळ मातीत बसवली. पायाचा अंगठा विटेला लागला की थांबायचं, खाली बसायचं, पदर कमरेला खोचायचा. मिठाच्या डब्याला त्यानं सुतळी गुंडाळली, तिखटाच्या डब्याला फडकं बांधलं, साखरेच्या डब्याला काहीच बांधलं नाही. कपडे वाळवायची तार तिच्या गळ्याशी यायची, ती उंच केली. मागच्या दारापासून संडासापर्यंत खुंट्या ठोकून नायलॉनचा दोर ताणला, आणि जिथं पायरी येते तिथं दोराला एक मोठी गाठ मारली. दोराखालच्या वाटेवर जाडा मुरूम टाकला. पायाखाली कचकच वाजलं म्हणजे वाट बरोबर, मऊ माती लागली म्हणजे चुकली.

उंबरठा काढू का, असं त्यानं विचारलं होतं. सुंदरा उंबरठ्यावर पाय ठेवून बराच वेळ उभी राहिली.

"नको," ती म्हणाली. "हा हाय म्हणून तं समजते का घर सरलं. आता मले मालूम हाय तो कुठी हाय. पडत नाई मी."

एकदम सगळं जमलं नाही. दोराची पहिली गाठ चुकीच्या जागी पडली होती आणि तिचा पाय मुरगळला. विटांची ओळ दोनदा सरकवावी लागली. पण हळूहळू ते घर तिच्या पायात उतरलं. सारवलेली जमीन गार आणि थोडी खडबडीत, ती आतली खोली. पोपडे आलेली, ती छपरी, म्हणजे पुढची पडवी. गुळगुळीत दगडाचा तुकडा, ती पाण्याचे गुंड ठेवायची जागा. टिकारामनं एक नियम केला आणि तो स्वतःही पाळला. उचललेली वस्तू होती तिथंच ठेवायची. एकदा तो कुदळ दारात विसरला, तर रात्रीचं जेवण त्याला गोड लागलं नाही.

सुंदरा पुन्हा भाकरी करू लागली. अंगण झाडू लागली, बकरीला चारा टाकू लागली. टिकारामनं बकरीच्या गळ्यात घुंगरू बांधलं होतं, कारण ती पायात यायची. मोहिनीच्या घरी ती भिंतीभिंतीला हात लावत एकटी जायची आणि तिच्याकडून गावातल्या सगळ्या बातम्या घेऊन यायची. गावातली माणसं दोराकडे बघून काही ना काही बोलायची. कोणी म्हणायचं, टिकारामनं बायको दाव्याला बांधली. टिकाराम ऐकून घ्यायचा. सुंदरा म्हणायची, "बांधली तं बांधली. मी सुटी हावो, ते मले मालूम हाय."

अशी काही वर्षं गेली. ती चांगली वर्षं होती. तेव्हा तिला ती तशी वाटली नव्हती, नुसती वर्षं वाटली होती.

तुरीच्या सोंगणीच्या दिवसांत टिकाराम शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसला तो उठलाच नाही. सोबतच्या माणसांना वाटलं, विडी ओढतोय. घरी आणला तेव्हा सुंदरानं त्याचे तळहात चाचपले, त्यांवरचे घट्टे ओळखले, आणि मग मोठ्यानं रडली.

दुर्गेश आणि रीना आली. तेरवी झाल्यावर दुर्गेशनं आईला एकटी ठेवायची नाही असं ठरवलं. तो आईवर जीव टाकणारा मुलगा होता, हे सांगायलाच हवं. दवाखान्यात त्याचं काम म्हाताऱ्या माणसांना उचलण्याचं, पलंगावरून स्ट्रेचरवर, स्ट्रेचरवरून पलंगावर. त्यातली कितीतरी माणसं न्हाणीत पडून खुब्याचं हाड मोडून आलेली असत. घरातल्या घरात पडलेली. त्यांच्या मुलांचे चेहरे त्यानं पाहिले होते. गावी आला की आई दोर धरून पायरी उतरताना दिसायची आणि तो धावत जाऊन तिचा दंड धरायचा.

त्याच सुमारास घरकुल मंजूर झालं. दुर्गेशनं आपल्याकडची भर घालून पक्कं घर बांधायचं ठरवलं, आणि ते आईसाठीच बांधायचं. दवाखान्यातल्या एका खोलीची न्हाणी त्यानं मनाशी धरली होती. कुठं चढउतार नाही, उंबरठा नाही, संडास खोलीला लागून, भिंतीला स्टीलचे दांडे, पाय घसरणार नाही अशी टाईल. ज्या दिवशी तो हे सगळं सांगत होता त्या दिवशी त्याच्या आवाजात इतका आनंद होता की सुंदरा नुसती ऐकत राहिली.

"माय, तुले दोर धरून मांगं जायाची गरजच नाई राह्यणार. बाजेवरून उठली का दांडा, दांडा धरून सिध्धी संडासात. पावसात भिजनं नाई, सापाचं भ्येव नाई."

"चूल?" तिनं विचारलं.

"चूल काऊन? गॅस हाय न. अन् रीना करन सैपाक. तुले काऊन करा लागते आता?"

सुंदराला वाटलं, बापाच्या माघारी पोरगा आपल्यासाठी घर बांधतोय, त्यात काय बोलायचं? तिला स्वतःलाही ते चांगलंच वाटत होतं. नवं घर कसं असेल ते तिला डोळ्यांपुढे आणता येत नव्हतं, पण जुनं घरही तिला कधी डोळ्यांपुढे आणावं लागलं नव्हतं.

जुनं घर पाडून त्याच जागी नवं बांधून होईपर्यंत ती वर्ध्यातल्या खोलीवर राहिली. खोली लहान होती, बाज आणि भिंत यांच्यामध्येच सगळं. तिथं ती बसूनच असायची आणि ते चार दिवसांचं आहे म्हणून तिला त्याचं काही वाटायचं नाही. आपण घरी जाणार आहोत, एवढं ती धरून होती.

घरभरणीच्या दिवशी दुर्गेशनं तिचा हात धरून तिला आत नेलं. "आलं पाह्य माय, आपलं घर."

"कुठी?" सुंदरा म्हणाली.

"अवं, तू घरातच उभी हायेस."

तिनं पाय पुढे टाकला. जमीन गुळगुळीत होती. आणखी पुढे टाकला. तशीच गुळगुळीत. दुर्गेश तिला सगळीकडे फिरवत होता, ही समोरची खोली, ही तुझी, हे किचन, ही न्हाणी, हा दांडा, धर बरं, कसा मजबूत हाय. दांडा गार आणि घट्ट होता. तिनं तो धरला आणि म्हणाली, "चांगला हाय." टाईल्स सगळीकडे एकच होत्या. एक खोली संपून दुसरी सुरू झाली ते पायाला कळत नव्हतं. वर स्लॅब होता. बोललेलं चारी भिंतींवरून परत यायचं, त्यामुळे माणूस कुठल्या बाजूला उभा आहे ते समजायचं नाही. कवेलूंच्या घरात आवाज तिथल्या तिथंच राहायचा. चुन्याचा आणि रंगाचा वास होता, बाकी कशाचाच नव्हता. सांदवाडीची दिशा तिनं विचारली तेव्हा दुर्गेशनं तिचा हात धरून दाखवली, पण हात सोडल्याबरोबर ती तिच्यापासून निघून गेली.

गावातली माणसं जेवून गेली. सगळे म्हणाले, दुर्गेशनं नाव काढलं. मोहिनी म्हणाली, "सुंदरा, तुह्यं नशीब. असं पोरगं हाय कोनाले?"

"हो," सुंदरा म्हणाली.

आई एकटी राहू नये म्हणून रीना आता गावातच राहू लागली. दुर्गेश आठवडाभर वर्ध्यात, सुट्टीला गावी. रीना स्वभावानं चांगली होती, कामाला चपळ. सासूला चहा हातात द्यायची, ताट हातात द्यायची, आंघोळीला न्यायची आणायची. सुंदराला कशाला उठावं लागत नव्हतं, आणि उठावंसं वाटलं तरी कुठं जायचं ते तिला कळत नव्हतं. बाजेच्या दोन्ही बाजूंनी सगळं एकसारखं पसरलेलं होतं. पहिल्या दिवसांत तिनं प्रयत्न केला. भिंतीला हात लावून निघायची, पण भिंत मध्येच तुटायची. तिथं दार होतं की कोपरा होता हे कळायच्या आत दुसरी भिंत लागायची आणि ती कुठली ते सांगता यायचं नाही. एकदा ती न्हाणीत समजून स्वयंपाकघरात गेली आणि गॅसची नळी हाताला लागली. तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

एका दुपारी रीना पाणी भरायला गेली असताना सुंदरा उठली. आज आपलं आपण समोरच्या खोलीत जाऊन बसायचं, एवढंच तिनं ठरवलं होतं. ती चालत राहिली. खोली संपेना. पायाखाली टाईल, मग फरशी, तीही तशीच सपाट. दारात उंबरठा नव्हता, ओट्याला पायरी नव्हती. दुर्गेशनं पुढे कधी चाकाची खुर्ची लागली तर म्हणून हळूच उतरता उतार केला होता. आपण घराबाहेर पडलो हे तिला कळलं तेव्हा ती रस्त्याच्या मध्यावर होती आणि ट्रॅक्टरवाला ओरडत होता. ती घाबरून बाजूला झाली ती नालीत पडली.

हाड मोडलं नाही. गुडघे सोलपटले, हाताला मुका मार लागला. चार माणसांनी उचलून आणलं. संध्याकाळी दुर्गेश वर्ध्याहून धावत आला. तो आईवर रागावला नाही. तिच्या पायांशी बसून औषध लावत राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं समोरच्या दाराला बाहेरून कडी बसवून घेतली. रीना बाहेर जाईल तेव्हा ती लावून जाईल.

"तुह्याच भल्यासाठी हाय माय," तो म्हणाला. "तुले काई झालं तं मी काय करू?"

सुंदराला कडीचा आवाज पाठ झाला. तो तिला लांबूनही ओळखता यायचा. नव्या घरातली तिला नक्की कळणारी तेवढी एकच गोष्ट होती.

खरं काय झालंय ते रीनाच्या ध्यानात यायला वेळ लागला, पण आलं. एकदा ती दारातून पाहत होती. सुंदरा बाजेवरून पाय खाली सोडून बसली होती आणि पायाचा अंगठा टाईलवर इकडून तिकडे फिरवत होती, काहीतरी शोधत असल्यासारखा. रीना किती वेळ उभी राहिली, सासूला पत्ता नव्हता.

"आई, काय पाह्यजे तुमाले?" तिनं विचारलं.

"काई नाई."

"सांगा न. मी का कोनाले सांगून राह्यली?"

सुंदरानं पाय बाजेवर ओढून घेतले. म्हणाली, "मले समजत नाई वो मी कुठी हावो. आंधळी तं मी पयलेही होती. पन हरवली नव्हती."

रीनानं दोन दिवस सासूच्या पायांकडे नीट लक्ष ठेवलं. मग ती कामाला लागली. खताच्या रिकाम्या पोत्यांच्या पट्ट्या कापून तिनं बाजेपासून न्हाणीपर्यंत टाईलवर चिकटवल्या. दारांच्या जागी काथ्याची पायपुसणी टाकली. खिडकीच्या गजापासून मागच्या दारापर्यंत दोर बांधला आणि तिथून पुढे बकरीच्या गोठ्यापर्यंत. सुंदराला हात धरून पुन्हा पुन्हा चालवलं. "हे आलं पोतं, म्हंजे न्हानीची वाट. हे पायपुसनं, म्हंजे मांगचं दार." सुंदरा चुकत होती, थकत होती. बसून बसून पायांतला जोर गेला होता. पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती आपली आपण मागच्या दारापर्यंत गेली, चौकटीला हात लावला आणि बाहेरचं ऊन तोंडावर घेत उभी राहिली. रीनाला वाटलं, जमलं.

सुट्टीला दुर्गेश आला. घरात पाऊल टाकलं आणि थबकला. पोत्यांच्या पट्ट्या, पायपुसणी, आणि खोलीतून गेलेला दोर. एका पट्टीचं टोक उचकटलं होतं, त्यात त्याचाच पाय अडकला आणि तो पडता पडता वाचला.

"हे काय केलं तू?" तो रीनाला म्हणाला. "हेच, हेच काढासाठी मी घर बांधलं. दवाखान्यात येऊन पाह्य एखाद दिवस. असल्याच पायपुसन्यात पाय अडकून लोक मरून राह्यले."

"आईनं सांगतलं मले. त्याईले समजत नाई घर."

"हळूहळू समजन. नवं हाय. तू त्या दोरीले कायले बांधते तिले? गावातले लोक बाबाले काय म्हनत होते, मालूम हाय न तुले? मी इथी राह्यत नव्हतो, पन जेव्हा जेव्हा आलो तेव्हा तेच ऐकलं." त्यानं वाकून टाईलवर हात ठेवला. "सारं मी तिच्यासाठीच केलं. एक एक टाईल मी निवडली. अन् तुमी म्हंता का तिले समजत नाई."

तो समोरच्या खोलीत जाऊन बसला. स्लॅबखाली त्याचं रडणं सगळीकडून ऐकू येत होतं. सुंदरा बाजेवर बसून ऐकत होती. तो लहान असताना रडायचा तेव्हा ती धावत जायची. आता तो कुठल्या बाजूला आहे तेही तिला सांगता येत नव्हतं. पट्ट्यांची वाट न्हाणीकडे जात होती, दोर बकरीकडे जात होता, दुर्गेश बसला होता तिकडे काहीच जात नव्हतं.

"रीना," तिनं हाक मारली. "काढून टाक ते पोरी."

"आई, पन तुमी त्याईले सांगा. तुमी सांगतलं तं ऐकतीन थे."

"काय सांगू? तू बांधलेलं घर मले नाई पाह्यजे म्हनू? त्याचा बाप गेला. त्यानं ह्या घरात सारा जीव ओतला." थोडं थांबून ती म्हणाली, "त्याचंबी काई खोटं नाई. पडला असता तो आता. काढ."

रीनानं पट्ट्या उपटल्या. टाईलला चिकटलेला गोंद ती ओल्या फडक्यानं घासत राहिली. दोर सोडून तिनं गुंडाळला आणि बाहेर नेऊन टाकला. दुर्गेश काही वेळानं आत आला, आईच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "बसून राहाजो माय. तुले काई काम नाई आता. आराम कर."

सुंदरा बसून राहिली.

त्यानंतर सांगण्यासारखं फारसं घडलं नाही, आणि तेच घडत राहिलं. तिनं उठायचं सोडून दिलं. आधी दुपारभर बाजेवर असायची, मग दिवसभर. मोहिनी यायची ती कमी झाली. दोघींमध्ये बोलायला काही उरलं नव्हतं, कारण सुंदराकडे सांगायला स्वतःचं काही नसायचं. भूक गेली. पावसाळा संपता संपता तिला बाजेवरून उठताना आधार लागू लागला. पायांना कंप सुटायचा. हिवाळ्यात तर दांडा धरल्याशिवाय ती उभीच राहू शकत नव्हती. दुर्गेश सुट्टीला आला की तिला काखेत धरून न्हाणीत न्यायचा. तिथं दांडा अगदी हवा तिथं होता. ती त्याला लटकून बसायची आणि उठायची. खाली टाईल घसरत नव्हती. उंबरठा नव्हता म्हणून खुर्चीवर बसवून ढकलत नेता यायचं. दुर्गेशनं सगळं बरोबर मोजलं होतं. ज्या बाईसाठी त्यानं हे घर बांधलं होतं, ती बाई आता त्या घरात आली होती.

"पाह्य माय," तो म्हणायचा, "हे दांडे नसते तं काय केलं असतं आपन?"

रीना तेव्हा दुसरीकडे बघायची.

एके दिवशी केळझरकडचा प्रेमदास नावाचा एक माणूस घर बघायला आला. दुर्गेशच्या दवाखान्यातलाच, त्याची आई म्हातारी झाली होती, गुडघ्यांनी बेजार, आणि त्यालाही घर असंच करून घ्यायचं होतं. दुर्गेशनं त्याला हौसेनं सगळं दाखवलं. उतार, दांडे, दाराची रुंदी. प्रेमदास टेप लावून मापं घेत होता. मापं झाल्यावर तो सुंदरापाशी आला.

"मावशी, बरं हाय न हे सगळं? सोयीचं पडते न?"

सुंदरा त्याच्या आवाजाकडे तोंड करायचा प्रयत्न करत होती, पण ते चुकीच्या भिंतीकडे वळलं. तिनं बोटांनी बाजेची कड चाचपली. दुर्गेशला वाटलं, तिला ऐकू आलं नाही.

"माय, थे विचारून राह्यले, सोयीचं हाय न म्हनून."

"हाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "बापू, तुह्या मायले विचारलं का तू? तिले कुठी कुठी अडते ते?"

प्रेमदास हसला. चांगल्या मनानं हसला. "तिले काय विचाराचं मावशी. म्हातारी हाय ते, नाईच म्हनन. तिले काय समजते? आपनच करा लागते न त्याईच्यासाठी."

"एकडाव विचारजो," सुंदरा म्हणाली.

पण तिचा आवाज आता फार बारीक झाला होता, आणि प्रेमदास तोवर दुर्गेशबरोबर पुन्हा न्हाणीकडे वळला होता. दांडा जमिनीपासून किती उंचीवर बसवला, ते त्याला परत एकदा पाहायचं होतं. दोघांचं बोलणं स्लॅबखाली घुमत राहिलं. रीनानं चहाचा कप आणून सासूच्या हातात दिला, तिची बोटं कपाच्या कानाभोवती नीट बसवली आणि ती चहा पिईपर्यंत तिच्या शेजारी बसून राहिली.